आप्पांचा पुकारा

दुष्काळाच्या साली चांगला भाव सोडून कमी भावाला दूध घालणारं माणूस तुम्ही कधी बघितलंय का? राधाकिशननंही बघितलं नव्हतं. आणि आता त्याच्या डोळ्यांदेखत एक अख्खी वस्ती तेच करत होती.

धारूरच्या घाटाखालच्या चिंचदऱ्यात सहकारी दूध सोसायटी होती आणि राधाकिशन तिचा सेक्रेटरी. दोन पावसाळे कोरडे गेलेले. निम्मं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेलं, आणि मागं राहिलेल्यांची जनावरं माळावरच्या चारा छावणीत बांधलेली. शेतात काडी नाही. घरात रोजचं चहा-मीठ जे काय येत होतं ते दुधावर. आणि अशात बरडवस्तीच्या बाया सोसायटीच्या दारावरून चरव्या घेऊन पुढं जायच्या, फाट्यावर उभ्या राहायच्या आणि एका खाजगी फटफटीवाल्याला कमी भावात दूध घालून परत यायच्या. वर त्याच्याशी हसून बोलायच्या!

तालुक्याच्या दूध संघाच्या माणसानं राधाकिशनला स्पष्ट बजावलं होतं. दूध असंच आटत गेलं तर शिमग्यानंतर संघाची गाडी चिंचदऱ्याकडं वळणार नाही. एवढ्याशा दुधासाठी घाट कोण उतरणार? गाडी बंद म्हणजे सोसायटी बंद, आणि सोसायटी बंद म्हणजे सगळं गाव त्या फटफटीवाल्याच्या हातात. मग तो म्हणेल तो भाव.

दुसरा कोणी असता तर बायांना नावं ठेवून मोकळा झाला असता. पण राधाकिशनला लहानपणापासून एक खोड होती. एखादी गोष्ट का होते ते कळल्याशिवाय त्याला घास गोड लागायचा नाही. पोरवयात त्यानं बापाचं घड्याळ उघडून बसवलं होतं आणि वर दोन स्क्रू उरले म्हणून मारही खाल्ला होता. त्यानं मापं तपासली, बरोबर. काटा तपासला, बरोबर. दुधाचा पगार वेळेवर, गाडी वेळेवर. वस्तीवर जाऊन बायांना विचारलं तर एक म्हणाली असंच, दुसरी म्हणाली फाटा जवळ पडतो. फाटा जवळ? सोसायटी ओलांडून मग फाटा लागतो. बाई तोंडावर खोटं बोलली आणि तिचं तिलाच हसू आलं.

शेवटी तो भिवराबाईकडं गेला. भिवराबाई म्हणजे वस्तीची बोलती बाई, नवरा आणि दोन्ही लेकं तोडीला, मागं छावणीतल्या दोन गायी आणि ती. तिनं त्याला पाणी दिलं, गूळ दिला, आणि एवढंच म्हणाली, "तुमी एक दिवस सोताच्या गायीचं दूध घालून बघा की, सेक्रेटरीसाहेब."

बस. पुढं चकार शब्द नाही.

आता हे काय नवीन, असं म्हणत राधाकिशन घरी आला. पण खोड ती खोड. दुसऱ्या दिवशी पहाटे छावणीत जाऊन त्यानं बायकोला बाजूला सारलं, स्वतः गायीखाली बसला, स्वतः धार काढली, आणि एरवी घरातच संपणाऱ्या त्या दुधाच्या चरवीवर फडकं बांधून स्वतःच्याच सोसायटीत रांगेला उभा राहिला. लोक बघून गालात हसले.

दूध तपासायला आप्पा होते. आप्पांबद्दल थोडं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्यांच्या आधीचा तपासनीस कोपऱ्यात तोंड करून दुधात नळी, म्हणजे दूध दाट की पातळ ते डिग्रीत सांगणारी काचेची कांडी, बुडवायचा आणि ओळखीच्याला जास्त, परक्याला कमी डिग्री लावायचा. सोसायटी मोडायला आली होती. मग आप्पा आले आणि त्यांनी रिवाज पाडला. नळी सगळ्यांसमोर बुडवायची, आणि नाव व डिग्री अशी पुकारायची की समोरच्या पारावर बसलेल्या माणसालाही ऐकू गेली पाहिजे. डिग्री अठ्ठावीसच्या खाली गेली की पुढं एकच शब्द जोडायचा. पाणी. हातचं राखून नाही, कुणाची भीडभाड नाही. स्वतःच्या घरचं दूध तर ते सोसायटीत घालायचेच नाहीत. आपलंच दूध आपण मोजलं तर लोक बोट दाखवतील, म्हणून. आप्पांच्या त्या पुकाऱ्यावर गावाचा विश्वास बसला आणि सोसायटी उभी राहिली. राधाकिशनला नळी धरायला शिकवली ती त्यांनीच, आणि त्याला कामावर घ्या म्हणून संचालकांकडं शब्द टाकला तोही त्यांनीच. आता तोच पोरगा त्यांचा साहेब झाला होता. आहे की नाही गंमत?

तर आप्पांनी राधाकिशनच्या दुधात नळी सोडली. पातळ दुधात जाते तशी नळी जराशी जास्तच खाली गेली. आप्पांनी डोळे बारीक केले, एकदा राधाकिशनकडं बघितलं, आणि मग छाती भरून पुकारलं, "राधाकिशन, सव्वीस. पाणी."

पारावर हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, शेक्रेटरीच्या हापशाला अजून पाणी हाय म्हणायचं. राधाकिशन हसला खरा, पण त्याचे कान तापले. त्यानं थेंबभर पाणी घातलं नव्हतं. हे तो कुणाला सांगणार? आणि सांगून कोण ऐकणार? घरी जाईपर्यंत त्याला वाटत होतं की प्रत्येक दारातलं माणूस आपल्याकडं बघतंय. तो तर पुरुष, वर सेक्रेटरी. लोक दुपारी विसरले. बाईमाणसाचं काय होत असेल? विहिरीवर, टँकरच्या रांगेत, पोरीच्या सोयरिकीत?

मग त्याला सगळं उमगलं. छावणीत जनावरांना मिळत होतं काय, तर उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला. नुसतं वाढं, सकाळ-संध्याकाळ तेच. पेंड नाही, कडबा नाही, हिरवं तर बघायला नाही. अशा गायीचं दूध पातळच निघणार. गावात एखाद्याकडं पदरची पेंड तरी होती, वस्तीकडं तीही नव्हती. नळी खोटं बोलत नव्हती. आप्पाही खोटं वाचत नव्हते. पण तो शेवटचा शब्द नळीनं सांगितलेला नव्हता, तो आप्पांनी मनानं जोडलेला होता. फटफटीवाला भाव कमी द्यायचा, पण गावासमोर तसलं काही पुकारत नव्हता. तो पुन्हा भिवराबाईकडं गेला आणि हे बोलला. तेव्हा ती मोकळी झाली. "भाव कमी लावा, आमाला कळतं. दूध पातळ हाय ते आमाला दिसत न्हाई का? पन चोर म्हणू नगा."

कळलं. आता आप्पांना सांगायचं, झालं. सोपं आहे, नाही का?

अहो, सोपं कसलं! चिंचदऱ्यात थोरल्या माणसाला त्याची चूक तोंडावर सांगायची पद्धतच नाही. भिंतीला सांगतील, बैलाला सांगतील, देवळातल्या मारुतीला सांगतील, पण त्या माणसाला नाही. त्यात हे आप्पा. ज्यांनी आपल्याला हाताला धरून शिकवलं त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं की तुमचा रिवाज चुकतोय? आणि आप्पा रागानं उठून गेले तर? त्यांच्याशिवाय नळीवर कोणाचा विश्वास बसणार? राधाकिशन रोज ठरवायचा, आज सांगू. रोज आप्पा समोर आले की चहा मागवायचा आणि उन्हावर बोलायचा.

पहिल्यांदा त्यानं आडवाट काढली. फळ्यावर खडूनं लिहिलं की सर्व कर्मचाऱ्यांनी दूध घालणाऱ्यांशी बोलताना जपून बोलावे. आप्पांनी ते मोठ्यानं वाचलं आणि मान डोलावली. बरोबर हाय, म्हणाले, लोक लई वंगाळ बोलायलेत हल्ली. आणि नळी घेऊन बसले. तो फळा लागला भलत्यालाच. कॅन धुणारा सटवा, गरीब गाय, आयुष्यात कुणाला अरे म्हणालेला नाही. त्याला वाटलं हे आपल्यासाठीच आहे. त्यानं बोलणंच टाकलं. बाया कॅनला हात लावू का म्हणून विचारायच्या आणि सटवा नुसता मुंडी हलवायचा. झालं, वस्तीपाठोपाठ गावातल्याही दोन घरांना वाटलं की सोसायटीला आपण नकोसे झालोत.

मग राधाकिशननं दुसरी वाट धरली. आप्पांचा मेहुणा त्रिंबक हा गावात निरोपाचा माणूस म्हणून प्रसिद्ध. सोयरिकी, वाटण्या, रुसवेफुगवे, सगळे निरोप त्याच्याच तोंडून जायचे. राधाकिशननं त्याला नीट समजावून सांगितलं आणि आप्पांना जरा गोडीत सांगा म्हणाला. त्रिंबकनं डोकं हलवलं, चहा घेतला, पान खाल्लं आणि गेला. आता त्रिंबकही चिंचदऱ्याचाच की. मेहुण्याची चूक त्याच्या जिभेवर येईना. मग त्यानं काय केलं असेल? गोड बोलायचं ते इतकं गोड बोलला की चूक राहिली बाजूलाच. आप्पांना जाऊन म्हणाला, राधाकिशन म्हणतो, आप्पांनी लई कष्ट केले, आता इसावा घ्यावा.

दुसऱ्या दिवशी आप्पा आलेच नाहीत.

नळी राधाकिशननं हातात घेतली. त्याचा आवाज काही पारापर्यंत जाईना, आणि जुनी माणसं लगेच एकमेकांकडं बघायला लागली. पुन्हा कोपऱ्यात तपासणी सुरू झाली का, असं एक म्हातारा त्याच्या तोंडावर म्हणाला. संघाच्या गाडीत त्या दिवशी जेमतेम दूध चढलं. गाडीवाल्यानं रिकाम्या कॅनवर बोट वाजवलं. राधाकिशनला कळून चुकलं की आता भिंत नाही, फळा नाही आणि त्रिंबकही नाही. त्यानं नळी फडक्यात गुंडाळली, दूध ओतून ती सोडायचा उभा डबा बगलेत मारला आणि भर उन्हात छावणी गाठली.

आप्पा गायीपुढं वाढं तोडत बसले होते. त्यांनी वर बघितलं नाही. बाजूला केशरबाई, आप्पांची बायको, शेण गोळा करत होती. तिनं मात्र राधाकिशनकडं असं बघितलं की दुसरा कोणी असता तर तिथूनच परतला असता. कशापायी आलास, एवढंच आप्पा म्हणाले. राधाकिशन त्यांच्यासमोर मातीतच बसला. बसल्यावर त्याला कळलं की आपल्याला उन्हावर बोलावंसं वाटतंय. त्यानं जीभ चावली.

"आप्पा, तुमाला काढायचं कुणाच्या मनात न्हाई. त्रिंबकमामाला मी धाडलतं, ते माझं चुकलं. मला तुमच्या कामातलं एक सांगायचं हाय. डिग्री तुमी बरोबर वाचता. पन कमी आली की पुढं पाणी म्हणता. ते तुमाला म्हाईत नसतंय. नळीला दूध पातळ हाय एवढंच कळतं. वस्तीच्या बाया त्या एका शब्दापायी फाट्यावर चालल्यात, आन् त्या परत आल्या न्हाईत तर गाडी बंद होनार हाय."

हे सगळं तो एका दमात बोलला.

आप्पांचा कोयता हवेतच थांबला. मग ते जे भडकले! ज्या नळीनं सोसायटी उभी केली तिच्यावर कालचं पोरगं शंका घेतंय? पाणी घालणाऱ्याला पाणी म्हणायचं नाही तर काय गंगा म्हणायचं? उद्या सगळं गाव हापसा मारून दूध वाढवील, मग बस बोंबलत. राधाकिशननं त्यांना बोलू दिलं. मग त्याच्या गायीची गोष्ट सांगितली. आप्पा म्हणाले, तुझ्या बायकोनं घातलं असंल. मी सोता धार काढली, तो म्हणाला. तर मग तूच घातलं असशील, असं आप्पा म्हणाले खरे, पण म्हणता म्हणता त्यांचं त्यांनाच पटेना. या पोराला ते ओळखत होते. ते थोडा वेळ गायीकडं बघत राहिले. कपाळावरच्या आठ्या तशाच होत्या, पण डोळ्यांत काहीतरी वेगळं आलं. काय असेल बरं, असं. राधाकिशनला ती नजर ओळखीची वाटली. आपल्याला ही खोड कुठून लागली ते त्याला तेव्हा समजलं.

"आण ती नळी," आप्पा म्हणाले.

केशरबाईनं वासरू सोडलं, आप्पांनी स्वतः धार काढली. गरम दूध नळीला फसवतं, म्हणून ओल्या फडक्यात डबा ठेवून ते निवू दिलं. मग आप्पांनी नळी सोडली. ती डुलली, खाली गेली, स्थिर झाली. आप्पांनी वाचलं. फडक्यानं नळी पुसून पुन्हा सोडली, पुन्हा वाचलं. घरचं दूध कधी सोसायटीत घातलं नाही, म्हणून त्यात कधी नळीही बुडवली नव्हती. इमानदारीनं पाळलेल्या नेमानंच त्यांना आंधळं ठेवलं होतं.

"सव्वीस," ते म्हणाले. आवाज शेजारच्या गायीलाही ऐकू गेला नसता.

राधाकिशनला हायसं वाटायला पाहिजे होतं. पण म्हाताऱ्या माणसाचा उतरलेला चेहरा बघून त्याला रडूच आलं. चुकलं माझं, असं काहीतरी तो पुटपुटला. आप्पांनी ऐकलंच नाही. ते नळीकडंच बघत होते.

"तुला कधीपासून म्हाईत हाय?" त्यांनी विचारलं.

संक्रांतीनंतर लगेच कळालतं, राधाकिशन म्हणाला. तुमाला वाईट वाटंल म्हणून सांगितलं न्हाई.

आप्पांनी मान वर केली. "मला वाईट वाटू नये म्हणून तू त्या बायांना रोज वाईट वाटू दिलंस? आन् माझ्याच तोंडून?"

इतके दिवस राधाकिशन याला भीड म्हणत होता, मान राखणं म्हणत होता, आणि मनातल्या मनात स्वतःला चांगला माणूस समजत होता. त्याला एकदम लाज वाटली. पारावरच्या हशात वाटली होती त्याहून कितीतरी जास्त.

आप्पांनी मात्र वेळ घालवला नाही. टोपी घातली आणि त्याच पायी बरडवस्ती गाठली, राधाकिशन मागं. भिवराबाईच्या दारात उभं राहून आप्पा खालच्या आवाजात म्हणाले, बाई, माझं चुकलं. तिनं ऐकून घेतलं, दोघांना घोंगडी टाकली आणि शांतपणे म्हणाली, "चोर म्हणालात सगळ्या गावात, आन् चुकलं म्हणता माझ्या दारात. असं कसं, आप्पा?"

राधाकिशनला वाटलं, झालं, बिनसलं. आप्पांनी फक्त मान हलवली आणि ते उठले.

सकाळी सोसायटीसमोर नेहमीची रांग होती, पारावर नेहमीची माणसं. वस्तीचं कोणी नव्हतं. आप्पा आले म्हणून लोक खूश झाले. आप्पांनी नळी हातात घेतली नाही. ते ओट्याच्या कडेला उभे राहिले आणि त्यांनी पुकारलं, तोच जुना आवाज, पार पारापर्यंत. "माझी गाय, सव्वीस. दुधात पाणी न्हाई, गायीला चारा न्हाई. भिवराबाईच्या दुधाला पाणी म्हणलो, वस्तीला पाणी म्हणलो, ते माझं खोटं होतं." मग त्यांनी एकेक बाईचं नाव घेतलं. छबुबाई, सुंदरबाई, सगळ्या. ज्या ज्या नावापुढं तो शब्द जोडला होता ते एकही नाव त्यांनी गाळलं नाही. पारावर कोणी हसलं नाही. यापुढं ज्याच्याबद्दल शंका येईल त्याच्या गायीपाशी जाऊन धार काढताना नळी लावीन, आन् तोवर तोंड बंद ठेवीन, असं सांगून ते खाली बसले.

राधाकिशन आत गेला. सटवा कॅन घासत होता. त्याच्यासमोर उकिडवं बसून राधाकिशननं त्याला सरळ सांगितलं की फळ्यावरचं ते तुझ्यासाठी नव्हतं, मला आप्पांना सांगायचा धीर झाला नाही म्हणून मी सगळ्यांच्या नावानं लिहिलं. सटवानं कॅन खाली ठेवला. मग इतक्या दिवसांनी तोंड उघडून म्हणाला, "मंग माझ्या कामात काय चुकतं का? असंल तर आत्ताच सांगा." राधाकिशन म्हणाला, झाकणाची रबरं नीट धूत न्हाईस, वास येतो. सटवा म्हणाला, हां, हे बरं झालं. आणि लगेच रबरं काढायला लागला.

त्या दिवशी वस्तीवरून कोणी आलं नाही. संघाची गाडी आली आणि गेली. दुसऱ्या दिवशी रांग संपत आली तेव्हा भिवराबाई दिसली, डोक्यावर चरवी, मागं तीन-चार जणी. तिनं चरवी आप्पांसमोर ठेवली. आप्पांनी नळी सोडली. आप्पांनी वाचलं, आणि ते उठून, तिच्याजवळ जाऊन, हलकेच तिला आकडा सांगायला लागले.

"मोठ्यानं सांगा की," भिवराबाई म्हणाली. "लाजता कशापायी?"

आप्पा मागं सरले. त्यांनी छाती भरून घेतली आणि पुकारलं, "भिवराबाई, सव्वीस." राधाकिशनसकट सगळे पुढचा शब्द ऐकायला थांबले. आप्पांनी नळी पुसली आणि पुढची चरवी ओढली.